चोवीस ओळी, ऐंशी घरे

गेल्या दिवाळीची गोष्ट. पहिल्या पहाटेचे अभ्यंगस्नान आटोपून मी ओसरीवर चहा घेत बसलो होतो. समोर अंगणात बहिणीने ठिपक्यांची मोठी रांगोळी घातली होती, आणि पायरीवर तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, मांडीवर लॅपटॉप घेऊन काही काम करीत होती. दिवाळीच्या दिवशी कसले काम, असे विचारण्याचे दिवस आता राहिले नाहीत. इतक्यात शेजारचा एक चिमुरडा फुलबाजी घेऊन धावत आला आणि रांगोळीचा एक कोपरा पायाने पुसून पुढे गेला. बहिणीने कपाळाला हात लावला. पण सारी रांगोळी काही तिने झाडून टाकली नाही. खाली वाकून तिने बिघडलेले सात-आठ ठिपके तेवढे पुन्हा टेकवले, दोन रेषा जोडल्या आणि ती आत निघून गेली.

"मामा, इकडे बघा," भाची म्हणाली, "तुमच्या वेळचं टर्मिनल. अजून तस्संच आहे."

पाहतो तो काय! काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरे आणि लुकलुकणारा कर्सर. मी गालातल्या गालात हसलो. कारण बहिणीने अंगणात जे केले आणि भाचीच्या पडद्यावर जे चालले होते, ते एकच काम होते. चौकोनांच्या जाळीवर मांडलेले चित्र, आणि त्यातला बिघडलेला भाग तेवढाच पुन्हा काढण्याची युक्ती. या युक्तीला संगणकाच्या जगात एक मोठा इतिहास आहे. तो इतिहास शूरांचा नाही, श्रीमंतांचा तर नाहीच. पण काटकसर करणाऱ्यांचा आणि राखणाऱ्यांचा आहे. म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर तो सांगण्याजोगा वाटतो.

आमच्या पिढीतल्या वाचकांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत किंवा तारघरात टेलिप्रिंटर पाहिला असेल. खडखडाट करीत कागदाच्या गुंडाळीवर ओळीमागून ओळ छापणारे ते यंत्र. अमेरिकेतील टेलिटाइप कंपनीने १९६३ साली 'मॉडेल ३३' नावाचे असे एक स्वस्त यंत्र बाजारात आणले. ते सेकंदाला दहा अक्षरे छापी, एका ओळीत बहात्तर अक्षरे मावत, आणि सारी अक्षरे मोठ्या लिपीतली. १९६९ साली न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल लॅबोरेटरीजमध्ये, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी युनिक्स नावाची कार्यप्रणाली रचावयास घेतली, तेव्हा त्यांच्यापुढे हीच यंत्रे होती. सेकंदाला दहा अक्षरे म्हटल्यावर माणूस आपोआप मितभाषी होतो. युनिक्समधील आज्ञा दोन-दोन, तीन-तीन अक्षरांच्या आहेत. तिथला जुना संपादक प्रोग्राम, 'एड' त्याचे नाव, आपण चूक केली तर उत्तरादाखल नुसते एक प्रश्नचिन्ह छापतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी नुसती भुवई उंचवावी, तसा प्रकार.

कागदावर छापणाऱ्या यंत्राचा एक गुण मानलाच पाहिजे. त्याला मागे जाता येत नाही, त्यामुळे मागे जाण्याचे प्रश्नही उद्भवत नाहीत. एकदा छापले ते छापले. खरी पंचाईत झाली ती कागदाच्या जागी काच आली तेव्हा.

१९७०-८० या दशकात काचेच्या पडद्याची टर्मिनले स्वस्त होऊ लागली. डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे 'व्हीटी ५२' १९७५ साली आले आणि 'व्हीटी १००' १९७८ साली. लिअर सिग्लर कंपनीचे 'एडीएम ३ए' १९७६ साली निघाले. बहुतेकांचा पडदा चोवीस ओळींचा आणि ओळीत ऐंशी घरे. ही ऐंशी घरेही वारशाने आलेली. आयबीएम कंपनीच्या १९२८ सालच्या भोकांच्या पत्त्यात ऐंशी स्तंभ होते, ते पुढे पडद्यावर उतरले. आता कर्सर हवा तिथे नेता येई, पुसता येई, मधल्या जागी लिहिता येई. पण ते कसे करावयाचे, याविषयी कोणाचेही कोणाशी एकमत नव्हते.

समजा, कर्सर पाचव्या ओळीत बाराव्या घरात न्यावयाचा आहे. 'एडीएम ३ए'ला आधी एस्केप नावाचा अदृश्य संकेत, मग बरोबरीचे चिन्ह, मग ओळ व घर दर्शविणारी दोन अक्षरे पाठवावी लागत. 'व्हीटी ५२'ला बरोबरीच्या चिन्हाऐवजी इंग्रजी वाय हे अक्षर हवे. 'व्हीटी १००'ला चौकटी कंस, मग आकडे साध्या रूपात, त्यांच्यामध्ये अर्धविराम आणि शेवटी एच. हेझलटाइन कंपनीच्या काही टर्मिनलांनी तर एस्केपच्या जागी नागमोडी रेघेचे चिन्ह वापरले होते. त्यामुळे ती नागमोडी रेघ त्यांच्या पडद्यावर उमटवताच येत नसे! काही टर्मिनले ठळक अक्षरे दाखविण्यापूर्वी मध्ये एक रिकामे घर सोडून देत, आणि काहींना पडदा पुसल्यावर क्षणभर दम खाऊ द्यावा लागे. अमेरिकेत १९७९ साली या संकेतांचे एक राष्ट्रीय प्रमाण ठरले खरे; पण तोवर लग्ने लागून गेली होती, आणि घराघरांत वेगवेगळ्या टर्मिनलांचे संसार सुरू झाले होते.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. १९९० च्या सुमारास मी पुण्यातल्या एका कचेरीत हिशेबाच्या खात्यात होतो. एके महिनाअखेरीस माझ्या टेबलावरचे जुने टर्मिनल बिघडले आणि कोठाराततून दुसऱ्या कंपनीचे आणून बसविले. प्रोग्राम सुरू केला, तो पडद्यावर कंस, अर्धविराम आणि आकडे यांचा असा पाऊस पडू लागला की विचारता सोय नाही. पगारपत्रके अडली. मी यंत्राला नावे ठेवली, वरिष्ठांनी मला ठेवली. संध्याकाळी एक शांत स्वभावाचे यंत्रज्ञ आले. त्यांनी पडद्याकडे पाहिले, टर्मिनलच्या पाठीवरचे नाव वाचले आणि एकच ओळ टंकित केली. पडदा आरशासारखा स्वच्छ झाला! "साहेब, यंत्र शहाणं आहे," ते म्हणाले, "फक्त त्याला समोरच्याचं नाव चुकीचं सांगितलं होतं."

नाव सांगितल्याबरोबर संगणकाला त्या टर्मिनलच्या साऱ्या सवयी कशा काय समजल्या, हा प्रश्न त्या रात्री माझ्या मनात राहिला. त्याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळाले.

ते उत्तर कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात सुरू होते. बिल जॉय नावाचा विद्यार्थी तेथे १९७६ पासून एक नवा संपादक प्रोग्राम लिहीत होता. तोच पुढे 'व्हीआय' या नावाने प्रसिद्ध झाला. जॉयपुढे 'एडीएम ३ए' हे टर्मिनल होते. त्याच्या कळफलकावर बाण एच, जे, के आणि एल या चार कळांवर छापलेले होते, म्हणून जॉयने कर्सर हलविण्यासाठी त्याच कळा घेतल्या. ते टर्मिनल कधीच अडगळीत गेले. पण माझी भाची आजही त्याच चार कळांनी कर्सर हलविते, आणि त्या तशा का, हे त्या पहाटेपर्यंत तिला ठाऊक नव्हते.

विद्यापीठात नाना तऱ्हेची टर्मिनले होती. प्रत्येकासाठी प्रोग्राम वेगळा लिहिणे शक्य नव्हते. तेव्हा १९७८ च्या सुमारास जॉयने एक साधी गोष्ट केली. त्याने टर्मिनलांच्या सवयींची एक वही घातली. वही म्हणजे अक्षरशः एक मजकुराची फाइल, नाव 'टर्मकॅप'. एकेका टर्मिनलची एकेक नोंद: याच्या ओळी किती, घरे किती, कर्सर हलवावयाचा तर काय म्हणावे, पडदा पुसावयाचा तर काय म्हणावे, दम किती खाऊ द्यावा. हेझलटाइनची ती नागमोडी रेघेची खोडसुद्धा दोन अक्षरांत नोंदलेली. लग्नघरात एखादी जाणती आत्या असते. कोणता व्याही साखरेचा चहा घेत नाही आणि कोणती विहीण पहिल्या पंक्तीला बसविली नाही तर रुसते, हे सारे तिला मुखोद्गत असते. टर्मकॅप ही ती आत्या. प्रोग्रामने तिला विचारावे आणि त्याप्रमाणे वागावे. त्या संध्याकाळी आमच्या यंत्रज्ञांनी जी ओळ टंकली, ती म्हणजे एवढेच की वहीतले योग्य पान कोणते ते त्यांनी संगणकाला सांगितले.

पण सवयी ठाऊक असल्या म्हणजे पंगत उठते असे नाही. वाढणारा हुशार लागतो. जॉयच्या घरी मोडेम होता तो ३०० बॉडचा, म्हणजे सेकंदाला सुमारे तीस अक्षरांचा. चोवीस ओळी गुणिले ऐंशी घरे म्हणजे १९२० अक्षरे; सारा पडदा नव्याने भरावयाचा तर चौसष्ट सेकंद! एक अक्षर बदलले म्हणून मिनिटभर वाट पाहावयाची, असे कोणाचे काम चालेल? म्हणून व्हीआयमध्ये जॉयने पडद्यावर कमीतकमी अक्षरे पाठविण्याची युक्ती योजली होती. बर्कलीतच शिकणाऱ्या केन अर्नोल्डने १९८० च्या सुमारास ती युक्ती त्या प्रोग्राममधून उचलून वेगळी काढली आणि कोणत्याही प्रोग्रामला उसनी घेता येईल अशा रूपात बांधली. अशा उसन्या घेण्याजोग्या तयार भागांच्या संग्रहाला संगणकवाले लायब्ररी म्हणतात. अर्नोल्डने आपल्या लायब्ररीचे नाव ठेवले 'कर्सेस'. कर्सर शब्दावरची ही कोटी. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ शिव्याशाप असाही होतो, आणि टर्मिनलांशी झगडलेल्या माणसाला तो अर्थ अधिक पटतो.

कर्सेसची रीत माझ्या बहिणीच्या रांगोळीसारखीच आहे. ती मनात दोन चित्रे बाळगते: या क्षणी पडद्यावर जे आहे ते एक, आणि असावयास हवे ते दुसरे. प्रोग्राम दुसऱ्या चित्रात हवे ते बदल करतो. मग 'ताजे कर' अशी आज्ञा मिळाली की कर्सेस दोन्ही चित्रे घरोघर ताडून पाहते आणि फरक असेल तेवढीच घरे पाठविते. इतकेच नव्हे, तर एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचा स्वस्त मार्गही ती हिशेब करून काढते. पाचव्या ओळीत दहाव्या घरातून बाराव्या घरात जावयाचे आहे. 'व्हीटी १००'ला तशी रीतसर आज्ञा द्यावयाची तर सात अक्षरे खर्ची पडतात. त्यापेक्षा मधल्या दोन घरांत जी अक्षरे आहेत तीच पुन्हा छापली तर? चित्र बदलत नाही, कर्सर मात्र दोन घरे पुढे सरकतो, आणि खर्च दोन अक्षरांचा! मोलकरणीच्या पगारातला पैसा वाचविणारी गृहिणीसुद्धा इतका बारीक हिशेब करीत नसेल.

या लायब्ररीचा पहिला गाजलेला उपयोग कोणत्या गंभीर कार्यासाठी झाला, म्हणाल तर एका खेळासाठी. मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोघा विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा भुयारात भटकण्याचा खेळ रचला. पुढे अर्नोल्डही त्यात सामील झाला. भिंती रेघांच्या, राक्षस इंग्रजी अक्षरांचे. बर्कलीच्या युनिक्सबरोबर तो विद्यापीठा-विद्यापीठांत पोहोचला, आणि त्याच्याबरोबर कर्सेसही. देवळात कीर्तनाबरोबर प्रसादही मिळावा आणि प्रसादासाठी आलेल्याने कीर्तन ऐकून जावे, तसे हे झाले.

आता कथेत थोडा कटुपणा येतो. बर्कलीत व्हीआयवर काम केलेल्या मेरी ॲन हॉर्टन १९८१ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये गेल्या आणि त्यांनी टर्मकॅपच्या वहीचे नवे रूप सिद्ध केले. वही लांबत चालली होती, आणि संगणकाला दर वेळी पहिल्या पानापासून नाव शोधीत यावे लागे. हॉर्टनबाईंनी प्रत्येक टर्मिनलची नोंद संगणकाला झटकन वाचता येईल अशा सांकेतिक रूपात वेगळी केली आणि नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे कप्प्यांत लावून ठेवली. हेच 'टर्मइन्फो'. कर्सेसही त्यांनी सुधारली. काम उत्तम होते. पण ते एटी अँड टी या मालक कंपनीचे होते, आणि कंपनीने त्याची मूळ संहिता सर्वांना खुली केली नाही. जे ज्ञान विद्यापीठाच्या पडवीत बसून दहा जणांनी मिळून जमविले होते, त्याची सुधारलेली आवृत्ती कुलपात गेली.

तेव्हा १९८२ च्या सुमारास पाव्हेल कर्टिस याने त्या रीतीप्रमाणे चालणारी लायब्ररी नव्याने स्वतः लिहिली आणि ती कोणाच्याही मालकीची नाही असे सांगून सोडून दिली. कंपनीची एक ओळ न उचलता तेच काम करणारी वस्तू स्वतंत्र हातांनी घडविणे, ही गोष्ट सोपी नाही. कर्टिसची लायब्ररी काही वर्षे कोपऱ्यात पडून राहिली. १९९१ च्या अखेरीस झैद बेन हलीम याने ती हाती घेतली आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये 'एन्कर्सेस', म्हणजे नवी कर्सेस, या नावाने प्रसिद्ध केली. पुढे एरिक रेमंड आणि युर्गेन फायफर यांनी तिच्यात भर घातली. आणि १९९०-२००० या दशकाच्या उत्तरार्धापासून तिचा सांभाळ थॉमस डिकी हे करीत आले आहेत. १९९८ साली तिची मालकी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेकडे गेली आणि तिच्या वापराच्या अटी साऱ्यांना मोकळ्या ठरल्या. डिकींच्या दुरुस्त्यांना नावे नसतात, तारखा असतात. तीस वर्षे, आठवड्यामागून आठवडा, तारीख घालून दुरुस्ती करीत राहणे, याला आपल्याकडे व्रत म्हणतात.

याच सुमारास दुसरीकडे एक प्रवाह वाहू लागला होता. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ च्या आरंभी घरी संगणक घेतला आणि विद्यापीठातल्या मोठ्या संगणकाशी बोलता यावे म्हणून टर्मिनलचे सोंग घेणारा एक प्रोग्राम लिहिला. तो वाढता वाढता त्याची कार्यप्रणाली झाली. तीच लिनक्स. म्हणजे जगातले अगणित संगणक आज ज्या गाभ्यावर चालतात, त्याचा जन्म एका नकली टर्मिनलच्या पोटी झाला! पण नुसता गाभा घेऊन गृहस्थाने काय करावे? धान्य, सरपण, भांडी वेगवेगळ्या गावाहून आणून स्वयंपाक मांडावा लागे. ऑगस्ट १९९३ मध्ये इअन मरडॉक या विद्यार्थ्याने हा स्वयंपाक नीट मांडून देण्यासाठी 'डेबियन' हा संघ उभारला. नाव आपल्या मैत्रिणीचे, डेब्राचे, आणि स्वतःचे जोडून केलेले. एन्कर्सेस आणि डेबियन एकाच वर्षातली भावंडे म्हणावयास हरकत नाही.

डेबियनमध्ये प्रत्येक प्रोग्रामची पॅकेज बांधली जाते, आणि ती बांधणारे स्वयंसेवक असतात. पॅकेज बांधणे म्हणजे काय, हे परदेशी मुलाला फराळ पाठविणाऱ्या आईला वेगळे सांगावयास नको. लाडू आणि चिवडा एका डब्यात घालून चालत नाही. कोणता डबा आधी उघडला जाईल, काय नसले तर अडेल, काय मागाहून गेले तरी चालेल, याचा विचार करावा लागतो. एन्कर्सेसची पॅकेज बांधताना हाच विचार पणाला लागतो.

पहिला प्रश्न टर्मिनलांच्या नोंदींचा. त्या हजाराहून अधिक आहेत. त्यांत आज संग्रहालयातही न सापडणारी यंत्रे आहेत. साऱ्या नोंदी प्रत्येक संगणकात कशाला? म्हणून डेबियनने त्यांची वाटणी केली. नेहमी लागणारी मोजकी नावे, 'व्हीटी १००', 'लिनक्स', 'एक्सटर्म' अशी, 'एन्कर्सेस-बेस' या पॅकेजमध्ये. उरलेला सारा गोतावळा 'एन्कर्सेस-टर्म'मध्ये. पहिले पॅकेज अत्यावश्यक ठरविलेले आहे. ते काढून टाकू म्हटले तर यंत्र हरकत घेते. दुसरे ज्याला हवे त्याने घ्यावे. देवघरातली समई आणि माळ्यावरची समई यांतला हा भेद. शिवाय त्या मोजक्या नोंदी मुद्दाम अशा जागी ठेवल्या गेल्या की संगणक अर्धवट सुरू झाला आणि मोठी कोठी अजून उघडली नाही, तरीही हाताशी असाव्यात. कारण दुरुस्ती करावयाची वेळ येते ती नेमकी अशाच अवस्थेत.

दुसरा प्रश्न लायब्ररीच्या तुकड्यांचा. 'बॅश' हा आज्ञा ऐकणारा प्रोग्राम. त्याला खिडक्या, चौकटी काही नको, टर्मिनलची सवय तेवढी ठाऊक हवी. म्हणून तेवढाच भाग 'लिबटिन्फो' या नावाने वेगळा काढला आहे. हा छोटासा तुकडा बिघडला किंवा चुकून गेला, तर बॅश उघडत नाही. आणि बॅश उघडत नाही म्हणजे दुरुस्तीची आज्ञा देण्याची जागाच उरत नाही. घराची किल्ली घरातच राहून दार ओढले जावे, तशी गत. पॅकेज बांधणाऱ्याची एक चूक, आणि हजारो दारे एकदम ओढली जातात. त्याला कोणी पगार देत नाही, त्याचे नाव कोणी विचारीत नाही. धास्ती मात्र त्याने वाहावयाची असते.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. लायब्ररीच्या नावात एक क्रमांक असतो, आणि तिच्यावर विसंबलेला प्रत्येक प्रोग्राम त्या क्रमांकानेच तिला हाक मारतो. एन्कर्सेसची पाचवी आवृत्ती ऑक्टोबर १९९९ ची. तिचा पाच हा क्रमांक सोळा वर्षे टिकला. पण जुन्या मांडणीत रंगांच्या जोड्या अपुऱ्या पडत आणि माऊसच्या चाकाची हालचाल पुरती मावत नसे. ऑगस्ट २०१५ मध्ये सहावी आवृत्ती आली, नव्या मांडणीची. आता जुने प्रोग्राम पाचला हाक मारणार, नवे सहाला. वाड्यात नवा नळ आला म्हणून जुनी विहीर त्याच दिवशी बुजविता येत नाही. पलीकडच्या बिऱ्हाडाचा हंडा अजून विहिरीवरच भरतो. डेबियनने २०१७ च्या आवृत्तीत पाचच क्रमांक ठेवला, २०१९ च्या आवृत्तीत सहाला मुख्य जागा दिली आणि तरीही पाचचे पॅकेज बाजूला राहू दिले. क्रमांक नावातच असल्यामुळे दोन्ही शेजारी-शेजारी नांदू शकली. डेबियनच्याच कुळातल्या उबुंटूच्या एप्रिल २०२४ च्या आवृत्तीत पाच क्रमांक उरला नव्हता, तेव्हा ज्यांची मूळ संहिता हाती नाही असे कित्येक जुने प्रोग्राम मुके झाले. खुल्या संहितेचा प्रोग्राम नव्याने बांधून घेता येतो. कुलपातला येत नाही. कर्टिसने १९८२ च्या सुमारास केलेल्या खटाटोपाचे मोल चाळीस वर्षांनी पुन्हा एकदा कळले.

आणि एका कळीची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे; मागचे अक्षर खोडण्याची ती कळ. 'व्हीटी १००'च्या काळात ती एक संकेत पाठवी, 'व्हीटी २२०'वर त्याच जागी बसलेली कळ दुसरा संकेत पाठवू लागली. पहिला संकेत 'ईमॅक्स' नावाच्या लोकप्रिय संपादकात मदत मागण्यासाठी राखीव. म्हणजे अक्षर खोडावयास जावे आणि मदतीचे पान उघडावे! या एका कळीवरून भांडणे इतकी झाली की डेबियनच्या धोरणग्रंथात तिच्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले, आणि एन्कर्सेसच्या नोंदी त्या कलमाप्रमाणे जुळवून घ्याव्या लागल्या. आपल्याकडे बांधाच्या वीतभर जमिनीवरून पिढ्या कोर्टात जातात. तेव्हा एका कळीवरून कलम झाले यात नवल नाही.

या साऱ्यात आपली मराठी कोठे आहे, असे वाचक विचारतील. हे चौकोनांचे जाळे रोमन लिपीसाठी विणलेले आहे. एक अक्षर, एक घर. आपल्या 'स्थि'ला किती घरे द्यावयाची? स, हलन्त, थ आणि ऱ्हस्व वेलांटी अशी चार चिन्हे. आणि वेलांटी मागून लिहिली तरी दिसते पुढे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने 'जिस्ट' या तंत्राची टर्मिनले व कार्डे काढून भारतीय लिप्या पडद्यावर आणल्या; त्या तंत्राचा उगम कानपूरच्या आयआयटीत झाला होता. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे राष्ट्रीय प्रमाण १९९१ साली ठरले, आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. एन्कर्सेसच्या रुंद रूपात एका घरात पाच चिन्हांपर्यंत मावतात. तरीही लायब्ररीने मनात मोजलेली घरे आणि टर्मिनलने प्रत्यक्ष व्यापलेली घरे पुष्कळदा जुळत नाहीत. मग कर्सर एका जागी आणि अक्षर दुसऱ्या जागी! ही रांगोळी अजून पुरी झालेली नाही. ती पुरी करणारे हात आपल्याकडचे असतील तर बरे, कारण 'स्थि' कोठे संपतो हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

हे सारे मी भाचीला सांगितले, अर्थात इतके सलग नव्हे. मधून दोनदा चकल्या आल्या. तिने लॅपटॉपवर एक आज्ञा दिली आणि पडद्यावर 'व्हीटी १००'ची नोंद उमटली. पडदा पुसल्यावर त्या यंत्राला पन्नास सहस्रांश सेकंद विसावा द्यावा, अशी सूचना त्यात जशीच्या तशी होती. ते यंत्र आज भंगारात असेल. पण कोणी तरी कोठे तरी ते अजून चालवीत असेल, या शंकेपोटी त्याचा विसावा कोणी काढून घेतलेला नाही.

"मामा, हे सगळं कोण सांभाळतं?" तिने विचारले.

"दोन-चार माणसं," मी म्हणालो. "त्यांतला एखादा थकला, तर कोणाला तरी उठावं लागेल."

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने पाहिले, तर 'स्थि' हे अक्षर टंकून कर्सर कोठे जातो आहे, ते ती कपाळाला आठ्या घालून पाहत होती. अंगणात बहीण पुन्हा वाकली होती. या वेळी रांगोळीचा दुसरा कोपरा पुसला गेला होता.